ऑटिस्टिक मुलाला चेहरे ओळखू येत नसतील तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे पुढचं बोलणं कशाला धरून आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझमचं निदान लहानपणीच झालेलं. बोलतो, वाचतो, गणितात रमतो. तुम्ही केस आखूड कापून, चष्मा न लावता त्याला शाळेतून आणायला गेलात आणि तो तुमच्या अगदी जवळून पुढे निघून गेला. हाक मारल्यावर मात्र वळला आणि धावत आला. पुढे काही दिवसांनी तो भलत्याच एका बाईंच्या मागे चालू लागला, कारण त्यांचं जॅकेट तुमच्यासारखं निळं होतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्याला आमची ओढच नाही का? याचा अर्थ त्याचा ऑटिझम वाढतोय का? आणि नातेवाईक सुचवतात तसा फोटो दाखवून रोज सराव घ्यावा, डोळ्यांत बघायची सवय लावावी का?

थोडक्यात उत्तरं अशी. ओढ नाही, असं तुमच्या हकिगतीत मला कुठेच दिसत नाही. एवढ्यावरून ऑटिझम वाढतोय असंही म्हणता येणार नाही. आणि सराव सुचवलाय तशा पद्धतीनं तरी नको. मी मानसतज्ज्ञ आहे, माझं बरंचसं काम ऑटिस्टिक मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर चालतं. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा पुढचं वाचताना काही ठिकाणी ‘आमच्याकडे तसं नाही’ असं वाटलं तर तुमचंच निरीक्षण खरं धरा.

तुम्ही लिहिलेल्या तपशिलात सगळ्यात महत्त्वाचं मला काय वाटलं सांगू? हाक मारल्यावर तो धावत आला. आवाज कानावर पडल्या क्षणी ‘ही आई’ हे त्याला कळलं, आणि कळल्यावर तो चालत नाही, धावत आला. म्हणजे आई कोण हे त्याच्या मनात पक्कं आहे, जवळीकही आहे. फक्त चेहऱ्याच्या वाटेनं तो आईपर्यंत पोहोचत नाहीये. निळ्या जॅकेटचा प्रसंगही हेच सांगतो. ‘कुणाच्याही मागे जातो’ असं तुम्ही लिहिलंय, पण तो कुणाच्याही मागे गेला नाही. तो निळ्या जॅकेटमागे गेला, म्हणजे त्याच्या हिशेबानं आईमागेच गेला. ती खूण चुकली, एवढंच.

माणूस ओळखणं आपल्याला एकाच झटक्यात झाल्यासारखं वाटतं, पण त्यात टप्पे असतात. आधी चेहरा नीट दिसायला हवा. मग हा पूर्वी पाहिलेला आहे असं आतून जाणवायला हवं. त्यानंतर हा कोण, आपला याच्याशी काय संबंध, हे आठवतं, आणि सगळ्यात शेवटी नाव येतं. व्हिकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी १९८६ मध्ये साधारण अशी मांडणी केली. मुलांबरोबर काम करताना ती अजूनही कामाला येते, कारण कुठे अडतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. नाव न आठवणाऱ्या मुलाला चेहऱ्यांचा सराव देणं म्हणजे दुखतंय एका जागी आणि लेप दुसरीकडे.

ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत आणखी एक फाटा लक्षात ठेवावा लागतो. बरेचदा मुलानं ओळखलेलं असतं, पण तो प्रतिसाद देत नाही. हसत नाही, मान डोलावत नाही, आपल्या कामात गर्क राहतो. घरचे म्हणतात, ‘मावशीला ओळखलं नाही.’ संध्याकाळी तोच सांगतो, ‘आज मावशी आली होती, तिनं नवं घड्याळ घातलं होतं.’ याला ओळख न पटणं म्हणत नाहीत. ‘ओळखत नाही’ या एका तक्रारीखाली पालक माझ्याकडे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी घेऊन येतात: चेहरा लक्षात न राहणं, नाव न आठवणं, अभिवादन न करणं, आणि गोंगाटात काहीच न सुचणं. शाळा सुटण्याची वेळ ही यातली शेवटची अडचण आणखी वाढवते. घंटा, धक्काबुक्की, गाड्यांचे हॉर्न, एकाच वेळी पन्नास जण बोलताहेत. अशा वेळी एरवी जमणारी ओळखही सुटते.

मग तुमच्या मुलाचं कुठे अडतंय ते कसं कळणार? घरात परीक्षा घेऊ नका, नुसतं पाहा. फोनवर घरच्यांचा आवाज लगेच ओळखतो का? माणूस नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत असला की ओळखतो, आणि जागा किंवा कपडे बदलले की गडबडतो का? मालिकेत किंवा सिनेमात पात्रानं कपडे बदलले की ‘हा कोण नवीन?’ असं विचारतो का? कार्टून आवडतं पण खऱ्या माणसांच्या सिनेमात गोष्ट सुटते, अशी तक्रार मी पुष्कळ ऐकते. कार्टूनमधल्या पात्राचे कपडे, केस, रंग सहसा बदलत नाहीत, शिवाय प्रत्येकाचा आवाज ठळक असतो. समोरासमोर दोन फोटो ठेवून ‘हे दोघं एकच का?’ असं सहज विचारलं तर जमतं, पण तेच फोटो थोड्या वेळानं एकेकटे दाखवल्यावर जमत नाही, असं दिसलं तर तेही टिपून ठेवा. आणि तो माणसांचं वर्णन कशानं करतो ते ऐका. ‘लांब कानातल्यांच्या बाई’, ‘भरभर चालणारे सर’, ‘खरखरीत आवाजाचे काका’ अशी वर्णनं ज्या मुलाच्या तोंडी असतात, त्याच्याकडे माणसं ओळखण्याची स्वतःची पद्धत आधीच असते. तीत चेहरा नसतो, इतकंच.

एक प्रसंग सांगते, कारण तो पाहिल्यावर मला हे जितकं नीट समजलं तितकं वाचून समजलं नव्हतं. एका मुलाबरोबर मी ठोकळ्यांचा मनोरा रचत होते. त्याची नजर ठोकळ्यांवर होती. मी मध्येच चष्मा काढून ठेवला आणि मोकळे केस वर बांधले. त्यानं मान वर केली आणि हातातला ठोकळा तसाच धरून थांबला. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, ‘ताई कुठे गेल्या?’ मी म्हटलं, ‘मीच आहे रे.’ त्यावर ‘हां’ म्हणून त्यानं ठोकळा जागेवर ठेवला. घाबरला नाही की बावचळला नाही. त्याच्या लेखी ताई बाहेर गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या.

चेहऱ्यावरून माणूस ओळखता न येण्याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये डोक्याला इजा झालेल्या रुग्णांविषयी लिहिताना हे नाव दिलं. तेव्हा हा दोष मेंदूला इजा झाली की येतो असंच मानलं जाई. आता माहीत आहे की कुठलीही इजा नसताना, जन्मापासूनच ज्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत अशी माणसं शंभरात दोन-तीन असतात, आणि त्यांतली बहुसंख्य ऑटिस्टिक नसतात. चिंपांझींच्या अभ्यासासाठी जगभर नाव झालेल्या जेन गुडॉल यांनी स्वतःला हा त्रास असल्याचं सांगितलं होतं. ऑटिझममध्ये हे प्रमाण बरंच जास्त दिसतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बौद्धिक अडचण नसलेल्या ८० ऑटिस्टिक प्रौढांची तपासणी झाली. त्यांत एक-तृतीयांशाहून जास्त जणांना प्रोसोपॅग्नोसिया आढळला.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. एक-तृतीयांश म्हणजे खूपच, पण उरलेल्यांना, म्हणजे बहुसंख्यांना, तो नव्हता. म्हणून ‘ऑटिस्टिक आहे ना, मग चेहरे ओळखणारच नाही’ असं गृहीत धरू नये. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांना वर्षापूर्वी एकदाच पाहिलेला माणूसही नेमका आठवतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. चेहरे लक्षात राहण्याची क्षमता आणि ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता यांचा संबंध तिथे आढळला नाही. बुद्धिमत्तेशीही आढळला नाही. मुलगा चेहरे ओळखत नाही म्हणजे त्याचा ऑटिझम गंभीर आहे किंवा वाढतोय, असा अर्थ काढायला आधार नाही. शक्यता अशी की हे पहिल्यापासूनच होतं. आतापर्यंत तुमचे केस, चष्मा आणि जॅकेट त्याला सांभाळून घेत होते. त्या दिवशी केस आणि चष्मा दोन्ही एकदम गेले, तेव्हा ते उघड्यावर आलं.

मात्र एक अपवाद स्पष्ट सांगते. ज्याला कालपर्यंत माणसं ओळखता येत होती त्याला अचानक ओळखता येईनासं झालं, तर तो वेगळा मामला आहे. मग तो मूल असो की मोठा, ऑटिस्टिक असो की नसो. त्यासोबत डोकं दुखणं, दिसण्यात फरक, बोलण्यात अडखळणं, झटका किंवा अंगात अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालयात जायचं. ही चिन्हं नसली तरी अचानक झालेला बदल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. पण डोळे तपासलेले नसतील तर ते आधी करून घ्या. साधा नंबरही पुष्कळ काही बिघडवतो.

आता हे होतं कसं, ते थोडं. तुमच्या फोनमधला मोठ्या गटाचा एखादा फोटो उघडा, शक्यतो ज्यातली माणसं तुम्हाला जेमतेम माहीत आहेत असा. स्क्रीन फिरणार नाही अशी सोय करून फोन उलटा धरा आणि कोण कोण आहे ते सांगून पाहा. नाक, डोळे, ओठ, सगळं दिसतं. पण ‘कोण’ हे पटकन उमटत नाही. मग तुम्ही मिशी, टिकली, केसांचा भांग असलं काहीतरी शोधू लागता. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की उलटं केल्यानं घरांची किंवा विमानांची चित्रं ओळखण्यात जेवढी घट होते, त्याहून फार मोठी घट चेहऱ्यांच्या बाबतीत होते. चेहरा आपण सुटे भाग जोडत वाचत नाही, सगळा मिळून एकदम घेतो, आणि उलटा केला की ती सोय जाते. तुमच्या मुलाला रोज नेमकं असंच दिसतं असा माझा दावा नाही. पण उलट्या फोटोपुढे तुम्ही जी धडपड केलीत, मिशी-टिकली-भांग शोधण्याची, ती त्याच्या पद्धतीच्या बरीच जवळची आहे. तुम्ही ती अर्धा मिनिट केलीत. तो दिवसभर करतो, आणि वर गणितही सोडवतो.

आता डोळ्यांत बघण्याचा मुद्दा. नातेवाईकांचा तर्क असा असतो की मूल चेहऱ्याकडे बघतच नाही, मग ओळखणार कसं? तर्क ऐकायला बिनतोड आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. टिम लँगडेल यांना १९७८ मध्येच दिसलं होतं की ऑटिस्टिक मुलं चेहऱ्याच्या खालच्या भागावरून ओळखण्यात इतर मुलांपेक्षा सरस असतात. पुढे नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणांनीही काही अभ्यासांत डोळ्यांऐवजी तोंडाकडे जाणारी नजर टिपली. पण यातून ‘जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावा, म्हणजे चेहरे लक्षात राहतील’ हे निघत नाही. सारा वायगेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असं दिसलं की अडचण चेहरा समोर असताना कमी आणि तो नजरेआड झाल्यावर लक्षात ठेवताना जास्त येते. म्हणजे गळती साठवणुकीत आहे.

डोळ्यांत बघायला न लावण्याचं माझ्या अनुभवातलं कारण याहून साधं आहे. अनेक ऑटिस्टिक मुलांना आणि मोठ्यांना डोळ्याला डोळा भिडवणं त्रासाचं वाटतं. काही जण तर ते अंगावर आल्यासारखं वाटतं असं सांगतात. जे मूल ‘बघ माझ्याकडे’ या हुकमापायी दात आवळून डोळ्यांत बघतंय, त्याचं सगळं लक्ष बघण्यातच खर्च होतं. समोरचा काय बोलला, त्याचा आवाज कसा होता, तो कसा उभा होता, यातलं काहीच आत जात नाही. म्हणजे ज्या खुणांवर त्याची खरी मदार आहे, त्याही आपणच हिरावून घेतो. म्हणून मी पालकांना डोळ्यांत बघण्याचा सराव बंद करायला सांगते. आधी कुणी सुरू करून दिलेला असला, तरीही.

फोटो कार्डांचं काय? प्रत्येकाचा एकच फोटो, खाली नाव, रोज दहा मिनिटं. मूल आठवड्यात सगळी कार्डं घडाघडा म्हणतं आणि सगळ्यांना आनंद होतो. मग तोच काका दारात उभा राहतो आणि मूल त्याला परकं समजून आत पळतं. मुलानं काका पाठ केलेलाच नव्हता, त्यानं ते कार्ड पाठ केलं होतं. मागची हिरवी भिंत, काकाचा चौकडीचा शर्ट, कोपऱ्यातली घडी. आणि ही अडचण फक्त ऑटिस्टिक मुलांची नाही. रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोनच व्यक्तींचे मिळून ४० फोटो लोकांपुढे ठेवले आणि माणसांनुसार गठ्ठे करायला सांगितलं. व्यक्ती अनोळखी असताना लोकांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले! त्या व्यक्ती ज्यांच्या ओळखीच्या होत्या, त्यांना मात्र ते सहज जमलं. उजेड, कोन, वय, केस, हसणं, एवढ्यानं एकच माणूस किती निरनिराळा दिसतो, ते ओळखीच्या चेहऱ्यांमुळे आपल्या ध्यानातच येत नाही.

त्यामुळे सराव करायचाच असेल तर असा करा. माणसं दोन-तीनच निवडा, ज्यांना ओळखणं मुलाच्या रोजच्या आयुष्यात खरंच गरजेचं आहे अशी. प्रत्येकाचे वेगवेगळे पुष्कळ फोटो घ्या: केस बांधलेले आणि मोकळे, चष्म्यासह आणि चष्म्याविना, तरुणपणचे, उन्हातले, दमलेले. फोटोंपेक्षा छोटे व्हिडिओ बरे, कारण त्यांत आवाज असतो, चाल असते, हातवारे असतात. चेहऱ्यातली एखादी न बदलणारी खूण मुलालाच शोधू द्या. भुवईजवळचा तीळ, हसताना दिसणारी दातांतली फट, कानाची ठेवण. खूण त्यानं स्वतः शोधलेली असली की टिकते, आपण सुचवलेली टिकत नाही, असं मी वारंवार पाहिलंय. आणि अपेक्षा माफक ठेवा. सरावानं थोडी सुधारणा होते, पण मूल नवीन चेहरेही झटपट ओळखू लागेल असं होत नाही. वयानुसार काही फरक आपोआप पडतो. चेहरे लक्षात ठेवण्याची क्षमता सगळ्यांमध्येच हळूहळू वाढत तिशीच्या आसपास शिखराला पोहोचते. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाची तुलना मोठ्यांशी करू नका.

खरा बदल घडतो तो दुसरीकडून. ओळख पटवून देण्याचं काम मुलाकडून काढून समोरच्या माणसाकडे द्या. यात सगळ्यात आधी बंद करायची गोष्ट म्हणजे ‘सांग बघू, मी कोण?’ हा खेळ. नातेवाईक दारातून आत आले की मुलापुढे वाकून, गालाला हात लावून हा प्रश्न विचारतात आणि सगळी खोली उत्तराची वाट बघत थांबते. चेहरे न ओळखणाऱ्या मुलासाठी याहून वाईट स्वागत मला सुचत नाही. त्याऐवजी आल्या आल्या बोलायचं: ‘मी मंदामावशी, मागच्या सुट्टीत तुझ्याबरोबर कोडी सोडवली ती.’ नाव, नातं आणि एक आठवण. आठवण महत्त्वाची आहे, कारण मुलाच्या मनात माणूस त्या आठवणीशी बांधलेला असतो. एकदा ओळख लागली की बहुतेक मुलं लगेच मोकळी होतात.

तुम्हीही हेच करा. शाळेपाशी रोज एकाच ठरलेल्या जागी उभ्या राहा आणि तो दिसताच आधी बोला. केस कापायचे असतील तर खुशाल कापा. फक्त बदल त्याच्या डोळ्यांदेखत होऊ द्या, नाहीतर बदलानंतरची पहिली भेट घरात, आवाज देत देत होऊ द्या. आजी चष्म्याची फ्रेम बदलणार असेल, बाबा दाढी काढणार असतील, तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

सुरक्षेचा भाग मात्र वेगळा ठेवायचा, आणि इथे जरा कडक राहायचं. नाव सांगणाऱ्याशी बोलायला हरकत नाही, पण नाव सांगितलं म्हणून कुणाबरोबर जायचं नाही. हा फरक मुलाला स्पष्ट शब्दांत शिकवावा लागतो. कारण आपण एकीकडे ‘माणसं स्वतःचं नाव सांगतील’ अशी सवय लावतोय आणि मुलाचं नाव तर त्याच्या दप्तरावरही लिहिलेलं असतं. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. न्यायला येणाऱ्यानं तो सांगितल्याशिवाय हलायचं नाही, आई असली तरी. हो, तुम्हीसुद्धा सांगायचा, रोज सांगायचा. ‘आईला कशाला शब्द?’ म्हणून सूट दिली की नियम पुन्हा चेहऱ्यावर येऊन बसतो. ऑटिस्टिक मुलांना अपवाद नसलेला नियम पाळायला सहसा सोपा जातो, त्या गुणाचा इथे फायदा होतो. शब्द दप्तरावर, वहीत, कुठेही लिहून ठेवू नका. गर्दीत त्याच्या कानाशी सांगा. बाहेर फुटला असं वाटलं तर बदला. शिवाय शाळेशी बोलून मोठ्या माणसानं हाती सोपवल्याशिवाय मूल फाटकाबाहेर पडणार नाही एवढी व्यवस्था करून घ्या. बाहेर गर्दीत जाताना तुम्ही एखादी ठळक वस्तू वापरली तर त्याला सोपं जाईल, पण ती वस्तू म्हणजे आई नव्हे, हे त्याला निळ्या जॅकेटचंच उदाहरण देऊन सांगता येईल. रागावून नाही. झालं काय ते त्याला नीट कळलं पाहिजे.

शाळेबद्दल आणखी लिहिते, कारण पालकांच्या लक्षात न येणारं नुकसान तिथे होतं. गणवेशामुळे कपड्यांची खूण जाते. केसही बऱ्याच जणांचे सारखेच. मग मूल जागेवरून ओळखू लागतं: खिडकीजवळचा तो अमुक, माझ्यामागचा तो तमुक. बाईंनी बसण्याच्या जागा बदलल्या की त्याच्यासाठी सगळा वर्ग अनोळखी होतो. त्या दिवशी मूल चिडचिड करतं आणि ‘बदल सहन होत नाही’ अशी नोंद होते. बदल सहन होत नाही हे खरंच असेलही, पण एका दिवसात सगळे ओळखीचे लोक नाहीसे झाले तर कुणालाही सहन होणार नाही. जागा बदलताना कोण कुठे बसणार याचा साधा आराखडा त्याला आधी दिला तरी फरक पडतो. मैदानावर दोन गटांना दोन रंगांच्या पट्ट्या दिल्या तर तो खेळू शकतो. एरवी ‘टीममध्ये खेळत नाही’ हा शेरा ठरलेला.

आणि एक गोष्ट शिक्षकांना आवर्जून सांगा. त्याला कुणी मारलं, चिडवलं, तर ‘कोणी केलं, दाखव’ या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येणार नाही. तो चुकीच्या मुलाकडे बोट दाखवेल किंवा गप्प बसेल. दोन्ही वेळा मोठ्यांचा समज होतो की हा खोटं बोलतोय. त्याला ‘कोण’ विचारण्याऐवजी कुठे, केव्हा, आवाज कसा होता, काय म्हणाला, बूट कसे होते, असं विचारावं. मारणारी मुलं फार लवकर हेरतात की हा आपल्याला ओळखत नाही.

तुम्ही लिहिलंय की वर्गात तो कुणालाच ‘हाय’ करत नाही. चेहरे न ओळखणारी माणसं साधारण दोनपैकी एक मार्ग धरतात असं मी पाहते. काही जण समोर येईल त्याच्याशी हसून बोलतात, म्हणजे चूक होणार नाही. लोक त्यांना मनमिळाऊ म्हणतात. काही जण समोरचा बोलेपर्यंत कुणाशीच बोलत नाहीत. त्यांना शिष्ट म्हणतात. तुमचा मुलगा दुसऱ्या गटातला असावा. त्याला एक वाक्य तयार करून द्या: ‘मला चेहरे लक्षात राहत नाहीत, तुझं नाव सांग ना.’ नऊ वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगता येतं, आणि सांगावंच. अनेक मुलांनी तोवर मनाशी ठरवून टाकलेलं असतं की बाकी सगळे अभ्यास करून माणसं पाठ करतात आणि आपण आळशी आहोत.

हे सगळं पालकांना समजावताना एक गंमत मी नेहमी पाहते. आई प्रश्न विचारत असते आणि बाबा हळूहळू गप्प होत जातात. मग म्हणतात, ‘मलाही ऑफिसबाहेर साहेब भेटले तर कळत नाही.’ चेहरे लक्षात न राहणं अनेक कुटुंबांत पिढ्यांमध्ये चालत आलेलं दिसतं. तुमच्या दोघांपैकी कुणाला असं होतं का, हे जरा आठवून पाहा. निघालंच तर मुलाला सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

चेहऱ्यावरचे भाव ओळखणं हा यापेक्षा निराळा विषय आहे, दोन्ही एकत्र करू नका. एखाद्याला राग-आनंद बरोबर कळतो पण माणूस कळत नाही, तर एखाद्याचं उलट. स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत मांडणं ज्यांना अवघड जातं त्यांना दुसऱ्यांचे भाव वाचणंही जड जातं असं संशोधन सांगतं. पण वर सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासात चेहरे लक्षात राहण्याचा आणि या अडचणीचा संबंध आढळला नव्हता. म्हणून भावनांची हसरी-रडकी चित्रं दाखवण्याचा कार्यक्रम माणसं ओळखायला उपयोगी पडेल अशी आशा धरू नका.

औपचारिक तपासणी करावी का? घरात आणि शाळेत वरच्या गोष्टी सुरू करण्यासाठी तिची गरज नाही. त्या आजपासून करता येतात, आणि निदान वेगळं निघालं तरी त्यांनी तोटा होत नाही. पण शाळेला कागद हवा असेल, किंवा नेमकं काय आहे याचा तुम्हालाच छडा लावायचा असेल, तर बालकांच्या मेंदू-मानसशास्त्रीय तपासणीचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडे जा. मोठ्यांसाठी केंब्रिज फेस मेमरी टेस्ट २००६ पासून वापरात आहे. तीत केस वगळलेले सहा चेहरे आधी दाखवतात आणि मग वेगळ्या कोनातून, वेगळ्या उजेडात तीनांतून एक ओळखायला सांगतात. केस वगळण्याचं कारण आता तुम्हाला सांगायला नको. मुलांसाठी तिची निराळी आवृत्ती आहे. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रश्नावल्या आणि चाचण्या बहुतेक मोठ्यांसाठीच्या असतात, त्यांवरून नऊ वर्षांच्या मुलाचा निकाल लावू नका.

जाताना डोळ्यांच्या तपासणीचा कागद न्या, आणि त्याहून महत्त्वाचं, दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी न्या. कोणाला ओळखलं नाही एवढंच लिहून भागत नाही. त्या वेळी जागा कुठली होती, त्या माणसात काय बदललं होतं, आजूबाजूला आवाज किती होता, आणि शेवटी कशानं ओळख पटली, हे लिहा. ज्यांना लगेच ओळखलं त्यांचीही नोंद ठेवा, तज्ज्ञाला तीही तेवढीच लागते.